पोटरीवरचा वळ

संगमनेर,
६ जुलै १९६९

प्रिय नंदावहिनी,

सप्रेम जय भीम. मी सुखरूप पोचले. शाळेने नववीचा वर्ग दिला आहे. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘विचारल्याशिवाय काही मानायचं नाही.’ मुली हसल्या, पण वहीत उतरवून घेतलं.

आता आईच्या पायाचं. मे महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे विसरायला नको. हत्तीपाय झालेल्या पायाला लहान जखमसुद्धा लहान नसते. धसकट लागलं, काटा मोडला, डास चावून खाजवलं, टाचेला भेग पडली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, की तिथूनच विष आत जातं. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक तापानंतर सूज पहिल्यापेक्षा जास्त राहते. म्हणून रोज साबण आणि उकळून गार केलेल्या पाण्याने पाय धुवा. जुन्या मऊ लुगड्याने टिपून घ्या, घासू नका. बेचक्यात ओल ठेवू नका. जखम दिसली की ती पुन्हा धुवून निळं औषध लावा आणि स्वच्छ चिंधी सैल बांधा. हळद, चुना, पाला, शेण काहीही नको. बाजेच्या पायथ्याला विटा लावा, म्हणजे झोपेत पाय उंच राहील.

भाताच्या आवणीचे दिवस आहेत. माणसं मिळत नाहीत हे मला कळतं. तरीही आईला चिखलात उतरवू नका. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आईला पुण्याला नेऊन एकदाचं काय ते करून घेऊ. तोवर पाय जपा.

तुमची,
रतन

---

मळवली,
१९ जुलै

सौ. रतनताईंना नंदाचा जय भीम.

पत्र पावलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. पाय बरा आहे. आवणीला त्या आल्या नाहीत, मी आणि शेजारच्या दोघी होतो. साबण आणला आहे. पोरीला खोकला होता, आता उतरला.

दिवाळीत पुण्याला काय करून घ्यायचं आहे, ते कळवा. आत्याबाई सारखं विचारतात. मीही विचारते.

नंदा

ता. क. सौ. चुकून लिहिलं. हसू नका.

---

संगमनेर,
३ ऑगस्ट

प्रिय हिरा,

तू लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स आहेस आणि मळवली गाडीने एकच स्टेशन, म्हणून हे काम तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

आमच्या घरात काहीतरी लपवलं जातंय असं मला वाटतं. नंदावहिनीचं पत्र आलं. एरवी ती कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या तेही लिहिते. यावेळी आईच्या पायाबद्दल फक्त ‘बरा आहे’. सूज किती, जखम आहे का, ताप आला का, काही नाही. मग दादाचं कार्ड आलं, त्यात एक ओळ होती की आईला मधे थंडी वाजली होती. वहिनीने हे का नाही लिहिलं?

वहिनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. सातवी शिकलेली, कामाची. पण घरात दुखणाईत म्हातारी, कडेवर पोर आणि शेतात भात असलं की माणूस कशाला आधी हात घालतो, हे आपण दोघींनी लहानपणी पाहिलंय. आई तक्रार करणारी नाही. मिठागरात कामाला होती तेव्हा पाय फुटून रक्त आलं तरी तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हा रोगही तिथलाच, असं डॉक्टरांचं मत पडलं.

पुण्याला काय करायचं आहे असं वहिनीने विचारलंय. मी कळवलं, ते माझ्यावर सोडा. सगळ्यांना सगळं सांगून गोंधळ वाढतो.

तू सुट्टीच्या दिवशी सहज गेल्यासारखी जा. मी पाठवलं असं म्हणू नकोस. पाय स्वतः उघडून बघ.

तुझी,
रतन

---

लोणावळा,
१८ ऑगस्ट

प्रिय रतन,

जाऊन आले. आधी पाय सांगते. बोटं स्वच्छ, बेचकी कोरडी, नखं सरळ कापलेली. टाचेच्या भेगांना तेल लावलेलं. इतकं बघून मी मनात म्हटलं, रतनला उगाच संशय.

पण सरूमावशी लुगडं पोटरीखाली ओढून बसल्या होत्या आणि तुझी वहिनी हलत नव्हती. मी पाणी मागितलं. ती आत गेली तेव्हा लुगडं वर केलं. रतन, पोटरीच्या मध्यावर सगळीकडून फिरलेला वळ आहे. गुराच्या पायाला दावं काचलं की उमटतो तसा. एका ठिकाणी सालटं निघालंय. वळाच्या खालचा पाय भरलेल्या पखालीसारखा ताणलेला. मी विचारलं, हे कशानं? तर म्हणाल्या, “काई न्हाई गं, खाज आल्ती.” आणि माझा हात झटकला.

उशीखाली अंबाडीची दोरी दिसली. बाजेखाली तेलात भिजवलेली, घडी घातलेली चिंधी पडली होती, तिच्यावरही दोरीचा दाब होता. दोरी आणि चिंधी एकत्र कशाला लागतात, याचा मी येताना गाडीत विचार केला. मला एकच उत्तर सुचलं आणि ते लिहायला मन होत नाही. वळ दिसू नये म्हणून लोक खाली कापड घालतात.

निघताना वहिनी बांधापर्यंत आली. तिला कळलं होतं मला कुणी पाठवलं ते. म्हणाली, “रतनताईस्नी काय लिवायचं ते लिवा. पर आत्याबाईस्नी पुण्याला न्यायचं तेवढं थांबवा.”

पुण्याला का नको, हे तिने सांगितलं नाही. मी निष्कर्ष काढत नाही. पण तो वळ तसाच राहिला तर मावशींना आज ना उद्या ताप येणार, आणि तो साधा नसेल.

हिरा

---

(कार्ड)
संगमनेर,
२२ ऑगस्ट

दादा,

हे कार्ड तुझ्या रेल्वेच्या गँगच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण घरी टाकलं तर तुला मिळेल याची खात्री नाही. आईच्या पोटरीवर दोरीचा वळ आहे. उशाला दोरी आहे. तुम्ही आईला बांधून शेतावर जाता का? वहिनीला विचार. तिला आईला पुण्याला का न्यायचं नाही, तेही विचार. डॉक्टरांना वळ दिसेल म्हणूनच ना? ज्या घरात मी माणुसकीचे धडे शिकले त्या घरात हे चालत असेल, तर मी महिला मंडळाच्या बायका घेऊन येईन आणि आईला माझ्याकडे आणीन. तू दिवसभर रुळावर असतोस. डोळे घरी ठेवून जात जा.

रतन

---

मळवली,
३१ ऑगस्ट

रतनला विठ्ठलचा जय भीम.

तुझं कार्ड मला मिळालं त्याआधी मुकादमाला मिळालं, त्याने चहावर वाचून दाखवलं. तू शिकलेली, पाकीट परवडत होतं.

घरी येईस्तोवर नंदाला कुणीतरी सांगितलं होतं. मी विचारलं, वळ कशाचा? ती म्हणाली, आईला विचारा. आईला विचारलं तर तोंडाला पदर लावून रडाया लागली, एक शब्द सांगितला नाही. नंदाने भाकरी केल्या, आईचा पाय धुतला, पोरीला घेतली आणि तिकोणा पेठेला माहेरी गेली. म्हणाली, आता रतनताईंनी येऊन आईला सांभाळावं.

मला काय खरं ते ठाऊक नाही. तुझ्यावर भरवसा ठेवावा तर बायको चोर ठरते. तिच्यावर ठेवावा तर तू. मी ड्यूटीवर गेलो की शेजारीण आईला भाकर देते. पाय कोण धुतं, विचारू नको.

विठ्ठल

---

लोणावळा,
७ सप्टेंबर

प्रिय रतन,

तार केलीच आहे, पण तारेत मावत नाही म्हणून हे लिहून तुझ्या दादाकडे ठेवते. गाडीतून उतरलीस की आधी हे वाच आणि मग आत ये.

मावशींना काल विठ्ठलभाऊंनी आणलं. अंगात खूप ताप, थंडीने बाज हलत होती. पाय गुडघ्यापर्यंत लाल. पोटरीला दोरी होती, रतन. घरात कुणी नसताना बांधलेली. त्यांनी स्वतः. यावेळी खाली चिंधी नव्हती, गाठ कातडीत रुतली होती. मी कात्रीने कापली तर मावशी माझ्या हाताला लोंबकळल्या.

पेनिसिलीनची सुई बघून त्या उठून बसल्या. घेऊ देईनात. कुणाचं ऐकेनात. शेवटी डॉक्टर बाहेर गेल्यावर मला जवळ ओढून विचारलं, “रेघंच्या खालनंच कापनार का वरनं?”

मी म्हटलं, कुठली रेघ?

“पुन्याच्या डाक्तरानं मारल्याली. सुतार मारतो तशी.”

मग थोडं थोडं बाहेर आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पेनने पोटरीवर रेघ ओढली होती आणि ते तुझ्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलले होते. सूज कुठवर आहे ते बघायला आम्ही रोज अशा रेघा ओढतो. मावशींना वाटलं, करवतीची खूण. सूज रेघेच्या वर गेली की पाय जाणार. मग विंचू चावल्यावर विष चढू नये म्हणून बांधतात, तशी त्यांनी सूज अडवायला रेघेवर दोरी आवळली. रेघ पुसली गेली तरी त्यांना जागा ठाऊक होती. विठ्ठलभाऊ घरी यायच्या आत त्या दोरी सोडायच्या.

वहिनीला हे माहीत होतं. त्यांनी तिला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. तिला दोरी सोडवता आली नाही, म्हणून ती खाली तेलाची चिंधी घालायची आणि मावशींचा डोळा लागला की गाठ सैल करायची. मी तुला काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. तुझ्याइतकीच मीही चुकले.

पण ते नंतर. आत्ता त्या सुई घेत नाहीत, सुईने पाय बधिर करून कापतील म्हणतात. विष रक्तात गेलं तर पाय राहू दे, मावशीच राहणार नाहीत.

हिरा

---

लोणावळा, दवाखाना,
८ सप्टेंबर

नंदावहिनी,

हे पत्र दादा घेऊन येतोय. त्याला दारात उभा ठेवलंत तरी चालेल, पण पत्र वाचा.

मला सगळं कळलं. माफी मागायला जागा नाही आणि वेळही नाही. आई सुई घेत नाही. मी काल दुपारपासून तिच्याजवळ आहे. सांगितलं, तुझा पाय कुणी कापणार नाही, ती रेघ मोजायची होती. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “तू शिकल्याली हाईस. तुला डाक्तरावानी ग्वाड बोलाया येतंय.”

डॉक्टरांनाही तिच्यापुढे बोलायला लावलं. ती म्हणाली, तुमी दोघं एकच. दादाला म्हणाली, तुला रतननं शिकवलं. तिला वाटतं आम्ही सगळे मिळालेले आहोत. एकच नाव घेते, नंदाला आणा.

तुम्हीही माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलेलं नाही, म्हणून आता सगळं लिहिते. दिवाळीत पुण्याला ‘काय ते करून घेऊ’ म्हणजे पायाच्या मापाचा घट्ट मोजा करून घ्यायचा होता. सूज दाबून धरणारा, बोटांपासून वरपर्यंत सारखा. त्याच्या मापासाठी आणि सूज समजण्यासाठी ती रेघ. तुम्ही विचारलंत तेव्हा एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती. मोजा आणून एकदम दाखवायचा, आई खूश होईल, असं ठरवलं होतं.

तुम्हाला वाटत असेल की हेही मी रचून लिहिते, तर माझं ऐकू नका. इथे येऊन डॉक्टरांना एकटीने विचारा. हिरालाही विचारा. मग आईला जे खरं वाटेल ते सांगा. पण आज या.

रतन

---

(त्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने)

रतनताई, येते. तुम्ही दवाखान्यात असाल तर मी आत येणार नाही. तुम्हाला बघून आत्याबाईंना वाटेल मलाही फितवलंय. आणि मलाही तुम्हाला आत्ता बघायचं नाही. आधी गाडी धरा.

नंदा

---

मळवली,
५ ऑक्टोबर

रतनताईंना नंदाचा जय भीम.

तुमची चार पत्रं आली. ह्यांनी ‘आई बरी आहे’ एवढं कळवलं होतं म्हणून मी घाई केली नाही. आज लिहिते.

मी आले त्या दिवशी आधी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हटलं, पाय कापणार का? ते चिडले, कोण कापतंय म्हणाले. चिडलेला माणूस खरं बोलतो, म्हणून मला बरं वाटलं. मग हिराताईंना वेगळं विचारलं, तेच आलं. तुमच्या पत्रातलंही तेच. तिन्ही ठिकाणी जुळलं तेव्हा मी मानलं. शपथ मी मोडली नाही, आत्याबाईंनी स्वतः सांगितल्यावर ती सुटली असं मी धरलं.

पण आत्याबाई मानत नव्हत्या. म्हणाल्या, तू साधी, तुला फसवलं. मी किती बोलले त्याचा उपयोग झाला नाही. मग डॉक्टरांना म्हटलं, तुमचा पेन द्या. बाजेवर बसले, लुगडं वर केलं आणि त्यांना माझ्या पोटरीवर तशीच रेघ मारायला लावली. डॉक्टर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, मारा. आणि आत्याबाईंच्या पायाला लावून माझा पाय ठेवला. म्हटलं, “आता कापायचं आसंल तर दोघींचं कापूं द्या. पोरीला कोण उचलंल ते तुमीच सांगा.”

आत्याबाई माझ्या पायाकडे बघत राहिल्या. बाजूच्या खाटेवरची म्हातारी हसायला लागली. मग आत्याबाईंनी दंड पुढे केला. मी ती रेघ धुतली नाही. त्या रोज सकाळी आधी माझा पाय बघायच्या आणि मग सुई घ्यायच्या. रेघ पुसट झाली की पुन्हा मारून घ्यायची. इतर बायका मला येडी म्हणायच्या.

ताप गेला. लाली उतरली. वळाची जखम अजून ओली आहे, ती रोज धुते, हिराताईंनी जाळीचं कापड दिलंय. सूज पहिल्यापेक्षा जास्त आहे. गुडघ्याच्या वर गेली आहे. हे मी लपवत नाही.

आता तुम्हाला एक काम. आत्याबाई विचारतात, पाय पहिल्यासारखा होणार का नाही? डॉक्टर पुण्यात तुमच्याशी काय बोलले ते तुम्हालाच ठाऊक. मी म्हटलं, मी विचारून सांगते. तर म्हणाल्या, “तिला म्हनावं, खरं लिव. ग्वाड लिवलं तर मला कळंल.”

तुम्ही लिहिलंय की मी माफ केलं का. नाही केलं अजून. ते कार्ड मुकादमाने वाचलं, गँगमधल्या माणसांच्या बायका अजून मला बघून गप्प होतात. पत्र आलं की उत्तर मात्र देईन.

नंदा

---

संगमनेर,
११ ऑक्टोबर

आई,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. त्यांना माझी विनंती आहे, एकही ओळ गाळू नका.

पाय पहिल्यासारखा होणार नाही. डॉक्टरांनी मे महिन्यातच हे सांगितलं होतं. पायातलं पाणी वर परत जायची जी वाट असते ती आत कायमची बुजली आहे, ती कुठल्याही गोळीने मोकळी होत नाही. सूज कमी-जास्त होईल, पण जाणार नाही. मी तुला बाहेर येऊन म्हटलं, होईल बरा. ते खोटं होतं. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता, म्हणून बोलले. तुला माझं खोटं तिथेच कळलं होतं, फक्त मी काय लपवते आहे ते तुला चुकीचं वाटलं.

आम्ही इंग्रजीत बोललो, कारण डॉक्टरांनी मला विचारलं, किती शिकलीस? आणि मला ते दाखवायचं होतं. तुझ्या पायाबद्दल बोलताना तुझ्याकडे पाठ करून उभी होते हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

कापायचं कुणीही बोललं नाही. ज्या पायाची जखम सडते, काळी पडते, त्याचं तसं करावं लागतं, हेही खरं आहे, म्हणून लिहिते. तुझ्या पायाचं तसं झालेलं नाही. होऊ नये म्हणूनच रोज धुणं, कोरडं करणं, आणि खरचटलं तरी लगेच सांगणं. दोरीने सूज अडत नाही. पाणी खाली कोंडतं, कातडी फाटते, आणि मग जे व्हायला नको तेच होतं. दोरीने या वेळी सूज वाढली. ती वाढलेली सूज पूर्ण उतरेल असंही मी म्हणत नाही.

माझ्या कार्डामुळे वहिनी गेल्या आणि तुझ्या दोरीखाली चिंधी घालायला कुणी उरलं नाही. याचा दोष दोरीपेक्षा माझा मोठा आहे. मी मुकादमालाही पत्र टाकलंय, पाकिटात नाही, उघड्या कार्डावर, की आधीच्या कार्डात नंदाबाईंबद्दल लिहिलेलं सगळं खोटं होतं. ते त्याने चहावर वाचावं.

मोजा अजून करता येईल, पण वळाची जखम पूर्ण सुकल्यावरच. तो उन्हाळ्यात नकोसा होतो, आणि घालायला दुसऱ्याचा हात लागतो. तुला नको असेल तर नको. तुला पुण्याला न्यायचं की नाही, हे तू ठरव. न्यायचं ठरलं तर वहिनी बरोबर असतील, आणि डॉक्टर जे बोलतील ते मराठीत, तुझ्याकडे बघून बोलतील. नाही बोलले तर आपण उठून येऊ.

यापेक्षा जास्त डॉक्टर काही बोलले नव्हते.

तुझी,
रतन